परवाना आणि उंबरठा

काना गावच्या लग्नघरी द्राक्षारस संपला, तेव्हा ती उणीव प्रथम पवित्र मरियेच्या ध्यानी आली. घरात काय उणे आहे आणि काय अति होत आहे, हे घरच्या बाईला सर्वांआधी उमगते. आपल्या प्रांतातील दारूच्या परवान्यांचा इतिहास चाळताना हा प्रसंग पुनःपुन्हा आठवतो. कारण सव्वाशे वर्षे परवाने दिले गेले, रद्द झाले, पुन्हा दिले गेले, पण त्या बाईचे मत कोणी विचारले नाही.

या इतिहासाचा मोठा टप्पा म्हणजे १८७८ चा मुंबई आबकारी कायदा. तोवर ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यात ताडी-माडी आणि मोहाची दारू हा गावपातळीवरचा व्यवहार होता. या कायद्याने ताड-माड छेदण्यास परवाना आवश्यक केला आणि झाडामागे कर बसविला. दारू सरकारी देखरेखीखाली गाळली जावी, असा बंदोबस्त झाला. पुढे १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. आदिवासींच्या घरी ही फुले अन्न म्हणूनही वापरली जात, याची पर्वा झाली नाही. हे सारे संयमाच्या नावाने चालले, तरी तिजोरीत भर पडत होती. परवाना हा सरकार आणि मक्तेदार यांच्यातील सौदा होता.

स्वराज्याच्या चळवळीने हे चित्र पालटण्याचा निर्धार केला. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, पण त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग खंडित झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेही त्याच दिशेने बोट दाखविले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः उचलून धरला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंधने रद्द ठरविली. मिस्सेच्या द्राक्षारसासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद होती, हेही येथे नमूद करावयास हवे. वेदीची काळजी कायद्याने घेतली होती. घराची घेतली होती काय?

बंदीमुळे तहान मिटली नाही. ती अंधाऱ्या गल्लीत शिरली. मुंबईत चोरटे गुत्ते उभे राहिले. त्यांतील काही आपल्याच समाजातील स्त्रिया चालवीत, आणि ‘आंटीचा अड्डा’ हा शब्द शहराच्या बोलीत रुजला. पोटासाठी पत्करलेल्या त्या धंद्याचा डाग चित्रपटांनी साऱ्या समाजावर लावला. हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण ज्या घरातील बाई अड्डा चालवी आणि ज्या घरातील बाई नवऱ्याची वाट पाहत जागी राही, त्या दोघींनाही कायद्याने वाऱ्यावर सोडले होते.

पुढे बंधने सैल झाली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य ग्राहकाला न्यायमंचाचे दार उघडले. परंतु विषारी हातभट्टी पिणाऱ्याच्या हाती कसली पावती असणार? २०१५ मध्ये मालाड-मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या विधवांनी कोणत्या दुकानदाराविरुद्ध दाद मागावी?

या पार्श्वभूमीवर २००८ च्या शासकीय आदेशाचे महत्त्व जाणवते. गावातील वा प्रभागातील दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या गुप्त मतदानाचा मार्ग त्याने आखून दिला. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहो, आडवी बाटली म्हणजे बंद होवो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही कौल देता यावा, अशी ती योजना! पण अट अशी की, एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडली पाहिजेत. म्हणजे मतदानाला न आलेल्या बाईची गैरहजेरी दुकानाच्याच पथ्यावर पडणार.

मार्च २०२५ मध्ये शासनाने गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे दुकान काढण्यासाठी संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे जाहीर केले. उंबरठ्याचे म्हणणे ऐकण्याच्या दिशेने हे आणखी एक पाऊल होय.

आपल्या लग्नकार्यातून पेला हद्दपार व्हावा, असा आग्रह मी धरणार नाही. कानाच्या लग्नाला प्रभू स्वतः उपस्थित होता. परंतु आपल्या धर्मग्रामात उद्या असा कौल मागितला गेला, तर प्रत्येक घरातील माता-भगिनी तेथे जातीने हजर असाव्यात. उणीव ज्यांना आधी दिसते, त्यांनी ती बोलून दाखविली, म्हणूनच कानाच्या घरची अब्रू राहिली.