बेचाळीसचा हिशेब

अजित वाडेकरांवरून आमच्या घराण्यात दोन पक्ष होते. धुळ्याचे मोठे काका विरोधात, भुसावळचे मामा बाजूने. १९७४ च्या पावसाळ्यात दोघांनी जागा बदलल्या आणि मग आयुष्यभर एकमेकांना "तुम्ही फुटले" म्हणत राहिले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर गाद्या पडल्या की ही केस इतक्या वेळा उभी राहायची, की दोन्हीकडचे साक्षीपुरावे मला पाठ आहेत.

काका धुळ्याला शाळेत इतिहास शिकवायचे आणि पतौडीचे निस्सीम भक्त होते. भक्तीला कारणंही होती. १९६२ मध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर वेस्ट इंडीजमध्ये डोक्याला चेंडू लागून जायबंदी झाले आणि २१ वर्षांच्या, एका डोळ्याने अधू असलेल्या पतौडीच्या गळ्यात कप्तानी पडली. त्याने १९६८ मध्ये न्यूझीलंडला तिथे जाऊन ३-१ असं हरवलं; परदेशातला भारताचा तो पहिला मालिका विजय. अशा माणसाला १९७१ च्या जानेवारीत बाजूला केलं ते एका मताने. निवड समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंटांनी आपलं जादा मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. वाडेकर तेव्हा २९ वर्षांचे, स्टेट बँकेत नोकरीला, बोलायला मवाळ. काकांच्या मते ही राजकारणाची निवड होती. मामांच्या मते शिवाजी पार्कच्या पोराला उशिरा का होईना न्याय मिळाला होता. मामांचं क्रिकेटचं ज्ञान त्या वेळी एवढंच होतं, हे त्यांनाही मान्य आहे.

पुढे सहा-सात महिन्यांत जे घडलं त्याने काकांची पंचाईत केली. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात वाहून गेला. वेस्ट इंडीज १७० धावांनी मागे पडलं आणि वाडेकर शांतपणे सोबर्सला सांगायला गेले की तुम्ही पुन्हा फलंदाजीला या. सामना चार दिवसांचा झाल्यामुळे फॉलोऑनला दीडशेची आघाडी पुरते, हे या बँकेतल्या माणसाच्या ध्यानात होतं. पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकून मालिका खिशात घातली. सरदेसाई ६४२ धावा, नव्या गावसकरच्या चार कसोट्यांत ७७४. काका म्हणायचे, "गावसकरने जिंकून दिली, कप्तानाने काय केलं?" पण किंग्स्टनची गोष्ट मात्र ते पुढे मामांपेक्षाही रंगवून सांगत.

मग ओव्हल. विलायतेतला खेळ आपल्याकडे दुपारी चारला सुरू व्हायचा. धुळ्याला पाच कंदिलापाशी एका घड्याळवाल्याच्या दुकानात मर्फीचा मोठा रेडिओ होता, तिथे आधी शाळेतून सुटलेले मास्तर, मग कोर्टातून सुटलेले कारकून, अशी गर्दी साचत जायची. बीबीसी लागायचं, पण समुद्राच्या लाटेसारखं येऊन-जाऊन. नेमका चेंडू टाकायच्या वेळी आवाज बुडायचा. काका इंग्रजी ऐकून मराठीत सांगत आणि बुडालेली वाक्यं स्वतःच्या पदरची घालत. २४ ऑगस्ट १९७१, गणेशचतुर्थी. त्या सामन्यात चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं आणि जिंकायला १७३ हव्या होत्या. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, हे वर्तमानपत्रातून नंतर कळलं. वाडेकर आदल्या दिवसाच्या ४५ धावांवरच सकाळी धावबाद झाले आणि पॅव्हेलियनमध्ये जाऊन चक्क झोपले. जिंकल्याचं सांगायला केन बॅरिंग्टनने त्यांना उठवलं. अबिद अलीने चौकार मारला तेव्हा धुळ्यात दिवेलागण झाली होती, घरोघरी आरत्या चालू होत्या, आणि काकांच्या घरचा गणपती यजमानाची वाट पाहत बसला होता.

झोपलेला कप्तान! गावभर कौतुक. केवढा स्थिर माणूस, काळजाला धडधड म्हणून नाही. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तीन वर्षांनी त्याच गुणावर फिर्याद दाखल झाली.

मधली १९७२-७३ ची मालिका खानदेशाने दुष्काळात ऐकली. रेशनवर मिलो, रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया, पोरांच्या हातात सुकडी. दिल्लीला हरून पुढे कलकत्ता २८ धावांनी आणि मद्रास ४ गड्यांनी जिंकलं, मालिका २-१. लागोपाठ तिसरी. एवढ्यावरही काकांचं पालुपद एकच: नशीबवान आहे. खरं तर हे देशभर चाललं होतं. वाडेकरांना हुशार म्हणायला लोकांची जीभ वळत नव्हती.

१९७४ मध्ये भुसावळचा उन्हाळा वेगळा होता. ८ मेपासून देशभर रेल्वेचा संप. जंक्शनचं गाव, घरटी एक माणूस रेल्वेत. यार्डात डबे उभे, धरपकड सुरू, संप २७ मेला मागे घेतला तोवर कित्येकांच्या नोकऱ्या गेलेल्या. मामांचं किराणा दुकान रेल्वे चाळींच्या तोंडाशी, म्हणजे हा सगळा संप त्यांच्या वहीत उतरला. ती वही मी पाहिली आहे. लाल कापडी बांधणीची, उभी, कडांना तेलाची बोटं उमटलेली. पुढून उधारी: तेल, गूळ, आगपेटी, पुन्हा तेल. मागच्या पानांवर मामांनी क्रिकेटचे आकडे मांडलेले, उधारीसारखेच, नाव आणि पुढे रक्कम. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यातलं लॉर्ड्सचं पान असं: गावसकर ५, इंजिनिअर ०, वाडेकर ३, विश्वनाथ ५, पटेल १, सोलकर १८, अबिद ३, मदनलाल २, प्रसन्ना ५, बेदी ०. चंद्रशेखरपुढे रेघ, कारण तो जखमी होता, फलंदाजीला आलाच नाही. खाली बेरीज ४२ आणि बेरजेखाली दोन रेघा, खातं बंद करताना मारतात तशा. सोलकरच्या अठराला गोल.

सोमवार, २४ जून. चारला खेळ सुरू झाला, साडेपाचच्या आत डाव आटोपला. १७ षटकं. मामा गल्ल्यावरून उठून रस्त्यावर येऊन ओरडले, ही गोष्ट त्या चाळीत अजून सांगतात: "बेचाळीस! एवढी त एका घरची उधारी हाये माह्या वहीत, भो!"

त्या दिवसापासून मामा फिरले. वाडेकरांना काढा. पण मामाच सांगतात की दुकानापुढच्या संपवाल्यांपैकी कोणी शिव्या दिल्या नाहीत. नुकतेच हरून बसलेले लोक, ते म्हणाले, व्हतं असं. मामांना गोष्ट जमवून सांगायची खोड आहे, तेव्हा यातलं किती धरायचं ते ज्याने त्याने ठरवावं. त्या संपातल्या बडतर्फ लोकांना १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना परत घेतलं, त्यानंतर उधाऱ्या फिटल्या. हे मात्र वहीत आहे.

काका फिरले ते इंदूरमुळे. आग्रा रोडवरून धुळ्याच्या माणसाला इंदूर घरासारखं. सेंधव्यावरून एसटी, दुपारपर्यंत पोहोचतो. १९७१ च्या विजयानंतर इंदूरच्या नेहरू स्टेडियमपाशी सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली होती, विजय बल्ला, त्यावर खेळाडूंची नावं. काका त्या पावसाळ्यात नात्यातल्या एका कामाला गेले आणि बल्ला पाहायला गेले. त्याला काळं फासलेलं होतं. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले ही बातमी त्यांनी आधीच वाचली होती, पण वाचणं निराळं. तीन वर्षं त्या कप्तानाला नशीबवान म्हणून हिणवणारा माणूस परतीच्या एसटीत त्याचा वकील झाला. घरी आल्यावर काकू काही बोलल्या असाव्यात, तर म्हणाले, "हारना म्हनीसन तो काय खोटा व्हयना का?"

काकांचं वकीलपत्र कच्चं नव्हतं. १९७१ मध्ये आपण विलायतेत जुलै-ऑगस्टला खेळलो, खेळपट्ट्या सुकलेल्या, फिरकीला धार्जिण्या. १९७४ मध्ये दौरा मोसमाच्या पहिल्या अर्ध्यात, गारठा, ओल, चेंडू हवेत वळतोय, बोटं बधीर, तिथे फिरकीवाले काय करणार? लॉर्ड्सला बेदीने ६ बळी घेतले, पण २२६ धावा देऊन, इंग्लंड ६२९. नंतर अर्नोल्ड आणि ओल्डने मिळून नऊ जण उडवले. यात कप्तानाचा दोष किती? मामांचा उलट सवाल: संघ फुटलेला होता, एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, हा बाबा गप्प का बसला?

मला दोघांचं पटतं आणि अडचण इथेच आहे. ओव्हलला ज्या शांतपणाला धीर म्हणाले, त्यालाच लॉर्ड्सनंतर मेंगळटपणा म्हटलं गेलं. वाडेकर तेच होते. बोलून दम देणं, चार जणांना ओरडून एकत्र आणणं, हे त्यांच्या स्वभावात १९७१ मध्येही नव्हतं. तेव्हा जिंकत असल्यामुळे त्याची उणीव भासली नाही. मायदेशी आल्यावर दुलीप करंडकाच्या पश्चिम विभाग संघातूनही त्यांना वगळलं आणि त्यांनी खेळ सोडला. ३३ वर्षांचा माणूस. हे मामांनाही जास्त वाटलं, पण कबूल करायला त्यांनी वीस वर्षं घेतली.

ते १९९३ मध्ये. वाडेकर भारतीय संघाचे मॅनेजर झाले होते, अझरुद्दीनची कप्तानी जायच्या बेतात होती आणि इंग्लंडला आपण घरी ३-० धुतलं. मामा तेव्हा टीव्हीपुढे म्हणाले, माणूस थंड डोक्याचा आहे. काकांनी फक्त चष्मा पुसला. पुढच्या वर्षी ऑकलंडला सिद्धूची मान धरली, तेंडुलकरने सलामीला जाण्याचा हट्ट धरला आणि या थंड डोक्याच्या माणसाने अझरसोबत होकार दिला: ४९ चेंडूंत ८२. मग १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, बाटल्या, जाळपोळ, ८ बाद १२० वर सामना श्रीलंकेला बहाल. दुसऱ्या दिवशी जळगावात नवीपेठेत पुन्हा तीच भाषा. १५ ऑगस्ट २०१८ ला वाडेकर गेले तेव्हा काका नव्हते. मामांनी वही काढली एवढं कळलं.

परवा ती वही माझ्या भाच्याने मागून घेतली. तो जळगावचा, फुटबॉलमध्ये आर्सेनलवाला, शनिवारच्या रात्री जागून काढणारा. त्याच्या पक्षाची भांडणं मला ओळखीची वाटतात. ३७ व्या वर्षी, आधी कुठला संघ न सांभाळलेला आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये मॅनेजर झाला. एफए कप जिंकला, पण लीगमध्ये लागोपाठ दोन मोसम आठवा, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तर लीगचे तीन सामने, तीन हार, गोल एकही नाही. भाचा तेव्हा त्याला हाकला म्हणत होता. नंतर तीन मोसम ओळीने दुसरा नंबर, तर हा म्हणतो मी कधीच तसं म्हटलं नव्हतं.

त्याने मामांपुढे बसून वाडेकरांचा हिशेब मांडला. १६ कसोट्या: ४ विजय, ४ हार, ८ अनिर्णित. पहिल्या तेरांत एकच हार, उरलेल्या तीन हारी एका महिन्यात, ओल्ड ट्रॅफर्ड, लॉर्ड्स, एजबॅस्टन. मग फुटबॉलच्या रीतीने विजयाला तीन, बरोबरीला एक.

"वीस गुण, मामाआजोबा. सोळा सामन्यांत वीस. टेबलाच्या मध्यावर कुठेतरी."

मामा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण आकडा चुकत नाही.

"आन पोर्ट ऑफ स्पेनचे किती धरले?"

"तीनच."

"ओव्हलचे?"

"तेही तीन."

"मंग खेळच खोटा तुहा," मामा म्हणाले आणि वही परत मागितली.