आधी चाक, मग ताकद: किशोरांच्या रोड सायकल शर्यतीची सुरुवात

मुलाला किंवा मुलीला रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत उतरायचे आहे म्हटले की घरात पहिली चर्चा होते ती सायकलच्या किमतीची आणि दुसरी रोज किती किलोमीटर मारायचे याची. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. ही शर्यत मुळात हवेशी आणि सोबतच्या स्वारांशी असते. या दोघांशी कसे वागायचे हे कळल्याखेरीज पायातली ताकद फारशी कामाला येत नाही.

आधी हवेचे गणित पाहू. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ३० वरून ४० वर जायचे तर वेग एक तृतीयांशानेच वाढतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ २.४ पट होते. पुढच्याचे चाक धरून आडोशाला राहिले तर साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात आणि मोठ्या घोळक्याच्या मध्ये त्याहूनही जास्त. त्यामुळे एकट्याने ३२ ने जाणारा मुलगा घोळक्यात ३६ ने आरामात जातो. उलट त्याच्याहून दमदार मुलगा एकदा घोळक्यातून सुटला, की काही मिनिटांतच मागे पडतो.

या आडोशाची किंमत मात्र मोजावी लागते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढचे चाक असते अर्ध्या-एक मीटरवर. काही दिसल्यापासून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी सायकल ५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे इथे ब्रेकच्या भरवशावर राहता येत नाही. नवशिके मूल पुढच्या चाकाकडे टक लावून बघते आणि तिथेच फसते. नजर हवी पुढच्याच्या खांद्यावरून, दोन-तीन सायकली पलीकडे. दुसरी सवय चाके एकमेकांच्या शेजारी येऊ न देण्याची. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासले, तर बहुधा मागचाच पडतो, कारण अडकते ते त्याचे वळणारे चाक. पुढच्याला कित्येकदा नुसता धक्का जाणवतो.

वळणावर आणखी एक गोष्ट घडते आणि बहुतेक पालकांच्या ती लक्षात येत नाही. घोळक्याचे तोंड वळणाला किंचित मंदावते. मागचे एकावर एक येतात आणि जास्त ब्रेक मारतात. तोवर पुढचे वळण संपवून वेग घेऊ लागलेले असतात. मग शेवटच्या मुलाला पडलेली फट भरायला उभे राहून पळावे लागते. दीड किलोमीटरच्या फेरीत चार वळणे आणि दहा फेऱ्या असतील, तर असे चाळीस वेळा होते. ‘माझा मुलगा दमात कमी पडला’ असे रस्त्याच्या कडेला उभे राहून वाटते. खरे तर तो सुरुवातीपासून शेपटाला बसला, म्हणून दमला. पहिल्या दहा-पंधरांत राहणे, वळणाआधीच ब्रेक उरकणे, बाहेरच्या बाजूचा पॅडल खाली दाबून ठेवणे आणि नजर वळणातून बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवणे हे कौशल्य आहे. ते छातीच्या भात्यावर अवलंबून नाही.

हे एकट्याने शिकता येत नाही, आणि आपली अडचण इथेच आहे. महाराष्ट्रात सायकल शर्यतीची परंपरा जुनी आहे. मुंबई-पुणे शर्यत आणि तिचा ‘घाटाचा राजा’ हा किताब आजही मानाचा आहे. पण चढाचे भौतिकशास्त्र वेगळे. या शर्यतीतल्या बोरघाटाच्या तीव्र चढावर वेग ताशी १५ च्या आसपास उतरला की आडोशाचा फायदा नगण्य होतो. तिथे शरीराच्या दर किलोमागे किती शक्ती आहे, एवढेच उरते. हलका, चिवट मुलगा घाटात चमकतो आणि सपाटीवरच्या घोळक्यात त्याला काय येत नाही हे झाकले जाते. एरवीचा सराव भर रहदारीत, रस्त्याच्या कडेने किंवा घरच्या कुणाच्या स्कूटरमागे होतो. स्कूटर आडोसा देते, पण ती डगमगत नाही, कोपर लावत नाही, मध्येच फट सोडत नाही.

२०१९ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट (ओडर) इथे भारताच्या ईसो अल्बन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी ज्युनियर जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण जिंकले, ते रस्त्यावर नव्हे, ट्रॅकवर. त्या यशामागे कारणे अनेक असतील. मला त्यातले एक महत्त्वाचे वाटते: अशा ट्रॅकवर, म्हणजे वेलोड्रोमवर, ट्रक नसतो, खड्डा नसतो, चाकाला चाक लावून हजारो फेऱ्या मारता येतात. ब्रिटनमध्ये मुलांच्या शर्यती मोठ्या संख्येने मोटारबंद छोट्या सर्किटवर होतात, तेही याचसाठी. आपल्याकडे पुण्यात बालेवाडीला वेलोड्रोम आहे. औद्योगिक वसाहतींचे रुंद रस्ते रविवारी सकाळी ओस असतात. परवानगी घेऊन, स्वयंसेवक उभे करून दीड किलोमीटरची फेरी दोन तास बंद ठेवणे एखाद्या जिल्हा संघटनेला अशक्य नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर या शर्यतीसाठी आंतरराष्ट्रीय संघांकरिता रस्ते बंद झाले. तेवढीच तळमळ चौदा वर्षांच्या मुलांसाठी दाखवावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आता गियर. १७-१८ वर्षांच्या ज्युनियर गटाला २०२२ अखेरपर्यंत जागतिक संघटनेची मर्यादा होती: पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल ७.९३ मीटरपेक्षा पुढे जाता कामा नये. शर्यतीआधी सायकल सर्वांत जड गियरवर टाकायची, क्रँक (पॅडलचा दांडा) उभी करून जमिनीवरच्या खुणेशी लावायची आणि क्रँकचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सायकल मागे ढकलायची. चाक दुसऱ्या खुणेपलीकडे गेले, तर सायकल नापास. २०२३ पासून ही अट उठली, पण त्याहून लहान गटांना काही देश अजून अशी मर्यादा लावतात आणि ते योग्यच आहे. ७.९३ मीटरच्या गियरवर मिनिटाला १०० फेरे मारले तरी वेग ताशी ४७ च्या वर जातो. नवशिक्याला याहून जड गियर लागतो कशाला? हलक्या गियरवर पाय भराभर फिरवायची सवय लागली की गुडघ्यावरचा भार कमी राहतो आणि वेगबदलाला झटकन उत्तर देता येते.

निकाल वाचताना शरीराचे वय विसरू नये. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण त्यात दोन-दोन वर्षांचा पुढे-मागेपणा असतो. १४ वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला आणि आवाजही न फुटलेला असे दोघे शेजारी उभे राहतात. पहिला जिंकतो, दुसऱ्याला ‘तुला जमणार नाही’ असे सांगितले जाते. हा अन्याय मला सहन होत नाही. तीन वर्षांनी दुसराही वाढतो आणि तोवर तो घोळक्यात नीट बसायला शिकला असेल, तर चित्र उलटते.

याच वयात वजन घटवण्याचे खूळ शिरते. ते मुळातच रोखायला हवे. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडले तर वाढ खुंटते, मुलींची पाळी लांबते, हाडे कमकुवत होतात. त्यात सायकलीवर शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही. म्हणून आठवड्यात दोन-तीनदा धावणे, दोरीच्या उड्या, कबड्डी, खो-खो असे काहीतरी चालूच ठेवावे.

सायकल सेकंडहँड, अॅल्युमिनियमची चालेल. फ्रेमचे माप आणि क्रँकची लांबी मात्र मुलाच्या पायाची हवी. ‘पुढे वाढेलच’ म्हणून मोठी फ्रेम घेतली, की हात लांब ताणले जातात आणि ब्रेक नीट धरता येत नाही. टायर, ब्रेक आणि हेल्मेट यांत काटकसर नको.

पहिल्या हंगामात क्रमांक लिहून ठेवूच नयेत. त्याऐवजी वहीत एवढे टिपावे: किती फेऱ्या पहिल्या पंधरांत गेल्या, कुठल्या वळणावर फट पडली, ती भरायला किती वेळ लागला आणि हात कुठे आखडले.