संगणकीय युद्धक्रीडेची एक प्रवर्तक संस्था : एस. एस. आय.

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही सैन्ये दोन्ही खेळाडूंस सारखीच दिसतात. प्रत्यक्ष रणांगणावर मात्र शत्रू कोठे आहे हेच प्रथम ठाऊक नसते. ही उणीव दूर करण्यासाठी प्रशियातील राइसविट्झ याने १८२४ साली सैनिकी अधिकाऱ्यांकरिता सिद्ध केलेल्या युद्धक्रीडेत पंचाची योजना केली होती. उभय पक्षांच्या आज्ञा पंचाने स्वीकारावयाच्या आणि ज्यास जेवढे दिसणे शक्य असेल तेवढेच त्यास सांगावयाचे, अशी ती पद्धत होती. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या पटावरील युद्धक्रीडेस असा पंच लाभणे कठीण. ॲव्हलॉन हिल या अमेरिकन संस्थेच्या १९६२ सालच्या 'बिस्मार्क' या खेळात खेळाडू आपापले पट एकमेकांपासून लपवीत व शोधावयाच्या चौकोनांची नावे उच्चारून विचारीत. परंतु प्रश्न विचारणे म्हणजेच आपण कोठे शोधीत आहोत हे शत्रूस कळविणे होय.

जोएल बिलिंग्ज या तरुणाने १९७९ साली कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स, अर्थात एस. एस. आय., या संस्थेचे खरे महत्त्व येथे आहे. प्रस्थापित प्रकाशकांनी त्याची कल्पना नाकारल्यावर त्याने जॉन लायन या युद्धक्रीडाप्रेमी आज्ञावलीकाराचे साहाय्य घेतले. १९८० साली 'कॉम्प्युटर बिस्मार्क' प्रसिद्ध झाला. मे १९४१ मधील जर्मन युद्धनौकेचा पाठलाग हाच त्याचा विषय. बेसिक भाषेत लिहिलेली ही आज्ञावली मंदगती होती. तथापि तीमध्ये यंत्र पंचही होते आणि, दुसरा खेळाडू नसल्यास, प्रतिस्पर्धीही. या यांत्रिक प्रतिस्पर्ध्यास 'ओटो फॉन कॉम्प्युटर' असे गमतीचे नाव दिले होते. खेळांतील साम्यावरून ॲव्हलॉन हिलने पुढे दावा लावला. तो न्यायालयाबाहेर मिटविण्यात आला.

आरंभीच्या नावांकडे भाषेच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. 'कॉम्प्युटर बिस्मार्क', 'कॉम्प्युटर अ‍ॅम्बुश', 'कॉम्प्युटर क्वार्टरबॅक' : माध्यम नवे असता त्याचा उच्चार करावाच लागतो. ते अंगवळणी पडले की विशेषण गळून पडते. गॅरी ग्रिग्स्बी याच्या १९८२ सालच्या 'ग्वादलकॅनाल कॅम्पेन' या खेळाच्या नावात ते नाही, आणि १९८५ सालच्या 'काम्फग्रुपे' मध्येही नाही. या खेळांचा चाहता वर्ग लहान, पण चोखंदळ होता. अशा रसिकांस नेपोलियनच्या जुन्या रक्षकदलाचे 'ग्रोन्यार', म्हणजे कुरकुरणारे, हे नाव पडले आहे. तोफेचा पल्ला चुकला तर ते क्षमा करीत नसत!

लहान वर्गावर संस्था वाढत नाही. १९८७ साली टी. एस. आर. या संस्थेकडून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अद्भुतरम्य खेळाचे संगणकीय हक्क एस. एस. आय. ने मिळविले. १९८८ सालच्या 'पूल ऑफ रेडियन्स'च्या उत्तर अमेरिकेत अडीच लाखांहून अधिक प्रती खपल्या. युद्धक्रीडेपासून संस्था दूर गेली, असा आक्षेप यावर घेता येईल. तो अंशतःच खरा आहे. या खेळातील चकमकी पटावरील डावपेचांच्या धर्तीवरच रचलेल्या होत्या; उलट, १९९४ सालच्या 'पॅन्झर जनरल'मध्ये प्रत्येक तुकडी एका लढाईतील अनुभव पुढील लढाईत नेते, ही योजना अद्भुतकथेतील वीराच्या वाढीशी नाते सांगते. एका प्रकाराने दुसऱ्यास दिलेले हे ऋण मानावयास जागा आहे.

त्याच १९९४ साली संस्था माइंडस्केपच्या स्वाधीन झाली. ग्रिग्स्बीचा 'स्टील पँथर्स' (१९९५) नव्या मालकीखालीच निघाला. यानंतरचा वृत्तान्त केवळ हस्तांतरणांचा आहे : १९९८ मध्ये लर्निंग कंपनी, १९९९ मध्ये मॅटेल, २००१ मध्ये युबिसॉफ्ट. प्रत्येक नव्या धन्याचे लक्ष अन्यत्र होते, आणि अखेरीस एस. एस. आय. हे नावच वापरातून गेले.

बिलिंग्ज, ग्रिग्स्बी आणि कीथ ब्रोर्स यांनी मात्र 'टू बाय थ्री गेम्स' ही छोटी संस्था काढून तेच काम पुढे चालविले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'वॉर इन द ईस्ट' मध्ये रशियाची समग्र आघाडी पुन्हा षट्कोनी घरांच्या पटावर मांडलेली आहे.