वडाप : माणशी भाड्याच्या गाडीचा इतिहास

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत फाट्यावर उभी राहून माणशी पैसे घेणारी आणि सीट भरली की सुटणारी खासगी जीप म्हणजे वडाप. मराठवाडा, खानदेश आणि विदर्भात टॅक्सी परवान्यासाठी दिलेल्या रंगावरून अशीच गाडी काळी-पिवळी म्हणून ओळखली जाते. रायगडात हे काम तीनचाकी विक्रम-मिनीडोरने केले. रीत मात्र सगळीकडे एकच. वेळापत्रक नाही, हात केला की गाडी थांबते, आणि भाडे गाडीचे नव्हे तर सीटचे.

ही रीत एसटीपेक्षा जुनी आहे. स्वातंत्र्यापूर्वी मोटारमालकांच्या ‘सर्व्हिस मोटारी’ गावोगाव धावत. मोटार भरेपर्यंत उतारूंनी ताटकळायचे, हा त्यांचा शिरस्ता. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने टप्प्याटप्प्यावर उतारू घेणारी गाडी आणि ठरवून नेलेली भाड्याची गाडी असे दोन वेगळे परवाने केले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे टप्पा वाहतूक सरकारकडे गेली आणि सर्व्हिस मोटारी मागे पडल्या.

एसटीने खेड्याला तालुक्याशी जोडले, हे तिचे मोठेच काम. पण अनेक गावांना सकाळची एक गाडी आणि रात्रीची एक मुक्कामी गाडी एवढ्यावरच भागवावे लागे. सकाळची चुकली की दिवस गेला. दवाखाना, कॉलेज, दूध, बाजार या कामांना गाडीची वेळ जुळत नसे. ही उणीव जीपने भरून काढली. आकुर्डीला बनलेली ट्रॅक्स आणि महिंद्राची कमांडर या गाड्या वडापसाठी जणू घडवल्यासारख्या होत्या: मागे समोरासमोर लांब बाकडी, मजबूत पाटे, वर टप.

आठवडी बाजाराच्या दिवशी वडाप कशी भरते ते पाहण्यासारखे असते. गाड्या नंबराने उभ्या राहतात. पहिली भरल्याशिवाय दुसरीत कोणी बसायचे नाही. गाडीवरचा किन्नर गावांची नावे ओरडत असतो. पाट्या, पोती टपावर जातात, कोंबड्या पायाशी. शेवटी ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण चढतो आणि ड्रायव्हर अर्धा तिरका होऊन स्टेअरिंग धरतो.

धोकाही इथेच होता. क्षमतेच्या दुप्पट माणसे घेतलेली गाडी घाटात उलटली तर जीव जातातच, आणि बिनपरवाना वाहतुकीत विम्याच्या भरपाईचाही पेच पडतो. एसटीची तक्रारही खोटी नव्हती. वडाप भरल्या मार्गावरचे उतारू उचलते, आणि तोट्याच्या फेऱ्या महामंडळाच्या गळ्यात राहतात. म्हणून बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी गाड्यांना मनाई झाली.

वाटून घेतलेली गाडी मुळातच बेकायदा असते असे मात्र नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने, प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी टॅक्सीला कंत्राटी वाहनच, म्हणजे ठरवून नेलेली भाड्याची गाडीच, मानले. मुंबईत चर्चगेटला लोकलमधून उतरलेले नोकरदार रांगेने चौघे-चौघे टॅक्सीत बसून नरिमन पॉइंट गाठतात, तीही वडापच. एका टॅक्सीत चौघांचे भागते, म्हणजे उरलेल्या तिघांच्या मोटारी त्या चिंचोळ्या टोकावर यायच्या थांबतात.

नोव्हेंबर २०२१मध्ये एसटीच्या संपात राज्य सरकारनेच खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले, तेव्हा वडापच्या महिला उतारू एसटीकडे वळल्या. तरुण उतारू त्याआधीच मोटारसायकलवर गेले होते. तरीही फाट्यापासून आत, जिथे एसटी दिवसातून एकदाच वळते, तिथे परवाना असलेली आणि सीटसंख्या पाळणारी वडाप हवीच. ती नसली की दारादारांत मोटारसायकल उभी राहते, आणि जिला ती चालवता येत नाही त्या म्हातारीला फाट्यापर्यंत चालत जावे लागते.