पदवी राहिली, कर्ज उरले

विद्यार्थी-कर्ज थकले की बोट दाखवायला दोघेच सापडतात: हप्ते न भरणारा विद्यार्थी, नाहीतर डोळे झाकून कर्ज देणारी बँक. फी घेऊन मोकळे झालेले कॉलेज या हिशेबात कुठेच येत नाही. अमेरिकेत मात्र १९९० मध्ये कायद्याने कॉलेजलाही या हिशेबात ओढले. कर्ज थकू नये म्हणून कॉलेजला काय करता येईल, हा तेव्हापासून तिथे अभ्यासाचा विषय झाला. अर्थशास्त्रज्ञ त्यावर प्रयोग करतात, शिक्षणाचे संशोधक आकडे तपासतात आणि कॉलेजांच्या फायनान्शियल एड ऑफिसांतली माणसे रोज प्रत्यक्ष विद्यार्थ्यांशी बोलतात. या तिघांचे म्हणणे अजून पुरते जुळलेले नाही. नव्या वाचकाने या विषयात शिरावे, त्याचे हे एक चांगले कारण आहे.

आधी थोडा इतिहास. अमेरिकी सरकारने १९५८ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना कर्जे द्यायला सुरुवात केली आणि १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने बँकांनी दिलेल्या कर्जांना सरकारी हमी मिळाली. या रचनेत कॉलेजला पैसे आधी मिळत आणि जोखीम सरकार व विद्यार्थी यांच्या अंगावर पडे. ऐंशीच्या दशकात याचा फायदा घेऊन अनेक नफेखोर व्यवसाय-शाळा वाढल्या. १९९० या आर्थिक वर्षात परतफेड सुरू झालेल्यांपैकी २२.४ टक्के कर्जदार थोड्याच काळात थकबाकीदार ठरले. तेव्हा ‘कोहॉर्ट डिफॉल्ट रेट’ ही मोजपट्टी कायद्यात आली. एका वर्षी परतफेड सुरू झालेल्या गटातले किती जण ठरावीक मुदतीत कर्ज थकवतात, ते प्रत्येक कॉलेजच्या नावावर मोजले जाऊ लागले. आज ही मुदत साधारण तीन वर्षांची आहे. दर सलग तीन वर्षे ३० टक्के किंवा त्याहून जास्त राहिला, किंवा एका वर्षी ४० टक्क्यांच्या वर गेला, तर कॉलेजला सरकारी कर्जाची दारे बंद होऊ शकतात. पहिल्याच वर्षी ३० टक्के गाठले तरी समिती नेमून सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. मोजपट्टी लागू झाल्यावर अनेक शाळा या योजनेतून बाहेर गेल्या आणि राष्ट्रीय दर पुढच्या दशकभरात एक आकडी झाला.

पण कर्ज थकवतो कोण? इथे नवख्या वाचकाचा अंदाज हमखास चुकतो. ज्याच्या डोक्यावर डोंगराएवढे कर्ज, तोच बुडणार असे वाटते. प्रत्यक्षात पाच हजार डॉलरहून कमी कर्ज असलेल्यांत थकबाकीचे प्रमाण सर्वांत जास्त आढळते, आणि लाखभर डॉलरचे कर्ज काढून डॉक्टर किंवा वकील झालेले बहुतेक जण ते फेडतात. छोट्या कर्जामागे बहुधा एक-दोन सत्रांनंतर सुटलेले शिक्षण असते. पदवी मिळाली नाही म्हणून पगार वाढला नाही, आणि कर्ज मात्र घेतले तेवढे उरले. सुसान डायनार्स्की, अॅडम लूनी, कॉन्स्टंटाइन यानेलिस, ज्युडिथ स्कॉट-क्लेटन या अर्थशास्त्रज्ञांच्या लेखनातून हे चित्र पुन्हापुन्हा समोर येते. म्हणून या क्षेत्रातला मध्यवर्ती विचार असा सांगता येईल: कर्ज थकण्याची सुरुवात बहुतेक वेळा हप्ता चुकण्याच्या कितीतरी आधी, विद्यार्थी वर्गात यायचा थांबतो तेव्हाच झालेली असते.

कॉलेजांचे रूढ उपाय या कसोटीवर तपासावेत. कायद्यानुसार पहिले कर्ज घेताना आणि कॉलेज सोडताना समुपदेशन द्यावे लागते. परतफेड सुरू होण्याआधी सहा महिन्यांची सवलत असते, उत्पन्नानुसार हप्ता ठरवून घेता येतो, आणि हप्ता २७० दिवस चुकला तर कर्ज अधिकृतपणे थकीत ठरून पगारातून कपात, कर-परताव्याची जप्ती असे प्रकार सुरू होतात, हे सगळे त्यात सांगतात. माहिती मोलाची आहे. पण ती जिला सर्वांत जास्त हवी, ती मध्येच शिक्षण सोडलेली मुलगी शेवटच्या सत्राला हजरच नसते. तिच्या जुन्या पत्त्यावर एक पत्र जाते आणि सोपस्कार पुरा होतो.

दुसरा उपाय वार्षिक कर्जपत्राचा. इंडियाना विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास प्रत्येक विद्यार्थ्याला ‘तुमचे एकूण कर्ज इतके झाले, हप्ता साधारण इतका येईल’ असे कळवायला सुरुवात केली. तिथे कर्ज घेणे कमी झाले आणि या पत्रांचा बराच गाजावाजा झाला. मिसुरी विद्यापीठात नियंत्रित प्रयोग केल्यावर मात्र अशा पत्राचा कर्ज घेण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. त्याहून विचारात पाडणारा प्रयोग बेंजामिन मार्क्स आणि लेस्ली टर्नर या अर्थशास्त्रज्ञांचा आहे. एका मोठ्या कम्युनिटी कॉलेजात काहींच्या मदतपत्रात कर्जाचा आकडा शून्य ठेवला, काहींच्या पत्रात पात्रतेनुसार रक्कम लिहिली. रक्कम पाहून ज्यांनी कर्ज घेतले त्यांनी जास्त क्रेडिट पूर्ण केले आणि त्यांचे गुणही सुधारले. कर्ज टाळायला लावणे म्हणजे थकबाकी टाळणे, हे समीकरण इथे डळमळते.

मग परिणाम कशाचा होतो? या क्षेत्राचे सर्वांत आश्वासक धडे अशा योजनांतून येतात, ज्यांच्या नावात कर्ज हा शब्दही नाही. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘एएसएपी’ योजनेत पूर्णवेळ शिकण्याची अट आहे. त्या बदल्यात फीची तूट भरून निघते, पुस्तके आणि प्रवासाचा पास मिळतो, आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार मिळतो. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत योजनेतल्या ४० टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी घेतली, बाहेरच्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात थोडक्या थकलेल्या फीपायी दर सत्रात शेकडो नावे कापली जात, त्यांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही असत. २०११ पासून विद्यापीठाने अशांना छोटी अनुदाने द्यायला सुरुवात केली. आठ-नऊशे डॉलरनी एखाद्याची पदवी वाचत असेल, तर पुढे वसुली खात्याने करावयाच्या कोणत्याही खर्चापेक्षा हा खर्च स्वस्त आहे.

वाचकाने एक सावधगिरी मात्र बाळगावी. ज्या आकड्यावर शिक्षा अवलंबून असते, तो आकडा सांभाळण्याची कलाही लवकरच तयार होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ च्या अहवालात दाखवले, की अनेक कॉलेजांनी सल्लागार कंपन्या नेमल्या होत्या आणि त्यांतल्या काही कंपन्या हप्ता चुकवणाऱ्यांना ‘फॉरबेअरन्स’ घ्यायला लावत. त्यात हप्ते पुढे ढकलले जातात, पण व्याज चढतच राहते. ३० हजार डॉलरचे कर्ज तीन वर्षे असे लांबवले, तर परतफेड साडेसहा हजार डॉलरहून अधिक महाग पडते. मोजणीची मुदत सरेपर्यंत कॉलेजचा दर स्वच्छ दिसतो, कर्जदार नंतर बुडतो. कोविडच्या महासाथीत मार्च २०२० पासून सरकारने हप्तेच थांबवले, तेव्हा हा दर जवळपास शून्यावर आला, आणि कॉलेजांनी त्यासाठी काहीही केलेले नव्हते.

हे सगळे मराठी वाचकाच्या कितपत कामाचे? अमेरिकेत एमएस करायला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना तिथली सरकारी कर्जे मिळत नाहीत. ती पुण्या-नागपूरच्या बँकेतून, आईवडिलांना सहकर्जदार करून आणि मोठ्या रकमेला अनेकदा घर तारण ठेवून कर्ज काढतात. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात, आणि हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत कोणत्या संस्थांना लाभ द्यायचा, ते संस्थेच्या गुणवत्ता-क्रमवारीवर ठरते. त्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या कर्जाचे पुढे काय झाले, हा आपल्याकडे संस्थेचा निकष झालेला नाही. तो व्हावा का, हा वादाचा प्रश्न आहे. कडक निकष लावला तर कॉलेजे गरीब घरातल्या मुलांना प्रवेश देतानाच कचरतील, ही भीती अमेरिकेतही बोलून दाखवली जाते आणि ती खोटी नाही.

पुढचे वाचन करताना प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारावेत: तो विद्यार्थ्यापर्यंत केव्हा पोचतो, त्याने पदवीची शक्यता वाढते की फक्त आकडा सुधारतो, आणि खर्च कोणाच्या माथी पडतो. आणि एखाद्या कॉलेजशी प्रत्यक्ष बोलायची वेळ आली, तर कर्जाचा विषय थोडा बाजूला ठेवावा. प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि जे मध्येच गेले त्यांच्याशी कॉलेजमधले कोणी शेवटचे कधी बोलले, एवढेच विचारावे. थकबाकीबद्दलचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.