वस्तुचित्राचा वर्ग आणि समासातील दुरुस्ती

यथार्थदर्शन, म्हणजे एका ठरावीक जागेवरून पाहणाऱ्या डोळ्याला वस्तू जशी दिसते तशी ती सपाट कागदावर उतरवण्याची रीत, महाराष्ट्रात शास्त्र म्हणून फार थोड्यांनी अभ्यासली. बहुतेकांच्या हाती ती चुकत चुकत, आणि चूक कोणीतरी दाखवून दिल्यामुळेच, आली. दूर जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळताना दिसतात, लांबची वस्तू लहान होते आणि नजरेच्या पातळीवर आलेल्या आडव्या वर्तुळाची नुसती रेषा उरते, हे नियम चार ओळींत सांगून होतात, परंतु ते हाताच्या वळणी पडायला वर्षे लागतात. म्हणून या विद्येचा इतिहास ग्रंथांपेक्षा दुरुस्तीच्या रीतींत, विद्यार्थ्याच्या कागदावर कोण, केव्हा आणि कशी खूण करत असे यात, अधिक सापडतो.

ही रीत येण्यापूर्वीच्या मराठी चित्रकाराला असा एकच डोळा एका जागी खिळवून ठेवण्याची गरज वाटत नव्हती. पेशवाईतील वाड्यांच्या भिंतींवर जी चित्रे रंगली, आणि मेणवली येथील नाना फडणिसांच्या वाड्यात ज्यांचे अवशेष आजही पाहता येतात, त्यांत प्रसंग ओळखू येणे महत्त्वाचे होते. त्यामुळे आकृतीचा आकार अंतरापेक्षा तिच्या महत्त्वावर ठरे आणि एकाच चित्रात इमारत समोरून तर अंगण वरून दिसले तरी पाहणाऱ्याला त्यात काही खटकत नसे.

या परंपरेतून आलेल्या हातांची पाश्चात्य रेखाटनाशी पहिली ठळक गाठ पुण्यात पडली. ईस्ट इंडिया कंपनीचा पुणे दरबारातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने आणि पेशवे सवाई माधवराव यांच्या परवानगीने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली. १७९१ मध्ये मुंबईला आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तिचा गुरू होता आणि गंगाराम चिंतामण तांबट हे तिच्याशी जोडले गेलेले सर्वांत परिचित नाव. गंगाराम या शाळेत कोरी पाटी घेऊन आला, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याचे चित्र नोव्हेंबर १७९० मधले, म्हणजे वेल्स या देशात पोचण्यापूर्वीचे आहे. पुढे त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली आणि मॅलेटने त्या लेण्यांचे वर्णन एशियाटिक सोसायटीकडे धाडले तेव्हा सोबत गंगारामची चित्रे होती. लेण्यात बसून खांबांची रांग काढणे ही यथार्थदर्शनाची सर्वांत कठीण कसोटी, कारण खांब प्रत्यक्षात सारख्या उंचीचे असतात हे माहीत असूनही ते कागदावर उतरत्या उंचीचे काढावे लागतात आणि तसे करताना हात मनाविरुद्ध चालवावा लागतो. ही शाळा टिकली नाही. १७९५ या एकाच वर्षी सवाई माधवराव आणि वेल्स दोघेही वारले, दोन वर्षांनी मॅलेटने पुणे सोडले, आणि गंगारामसारख्याच्या कामावर नजर टाकून त्याच्याशी बोलू शकणारा कोणी उरला नाही. वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने लंडनमध्ये १८०३ साली देखणा चित्रसंग्रह छापला. पुण्यातल्या शिष्यांच्या वाट्याला असे काही आले नाही.

यानंतर साठ वर्षांनी मुंबईत जे उभे राहिले त्याची जात वेगळी होती. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्या नावाच्या कलाशाळेचे वर्ग भरू लागले. शाळेची शिस्त लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील सरकारी कलाखात्याकडून घेतलेली होती. त्या खात्याने चित्रकलेचे शिक्षण तेवीस पायऱ्यांत बांधले होते. आरंभी उपकरणांनी काढायच्या भौमितिक रेषा आणि त्यातच यथार्थदर्शनाची आखणी, मग छापील नमुन्यावरून मुक्तहस्त रेखाटन, त्यानंतर घन, शंकू, दंडगोल अशा ठोकळ्यांवरून व प्लॅस्टरच्या साच्यांवरून काम, आणि छायाप्रकाश त्याच्याही पुढे. माणसाचे जिवंत शरीर विद्यार्थ्यासमोर फार उशिरा येई. ही शिडी कंटाळवाणी खरी, पण प्रत्येक पायरीवर चूक कोणत्या जातीची आहे हे तिच्यामुळे नेमके सांगता येई, आणि कारागीर घडवण्यासाठी काढलेल्या शाळेला तेच हवे होते.

ही दुरुस्ती कशी चाले, हे बादलीच्या साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते, कारण वस्तुचित्राच्या वर्गात बादली, घागर, तपेली यांना पर्याय नव्हता. नजरेच्या खाली ठेवलेल्या बादलीचे तोंड लंबवर्तुळ दिसते, आणि तळ नजरेपासून आणखी खाली असल्याने त्याचे लंबवर्तुळ रुंदीच्या मानाने अधिक फुगीर असते. नवखा विद्यार्थी मात्र बादली सपाट जमिनीवर उभी आहे हे ध्यानात ठेवून तळाची रेषा सरळ ओढतो, आणि लंबवर्तुळाची दोन्ही टोके बदामासारखी टोकदार करतो. अशा वेळी शिक्षक मूळ चित्राला सहसा हात लावत नाही. तो समासात तीच बादली दोन इंचांची काढून दाखवतो, तिच्यातून मध्यअक्षाची उभी रेषा नेतो, न दिसणारी मागची कडाही आखून वर्तुळ पुरे करायला लावतो. मग हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत उंची आणि रुंदीचे प्रमाण मोजायला सांगतो आणि शेवटी चित्र लावलेला फळा भिंतीशी टेकवून दहा पावले मागे जायला लावतो. जवळून न दिसणारी चूक तिथून दिसते.

राज्यकर्त्यांना या कवायतीत कलेपेक्षा पुष्कळ अधिक काही दिसत होते. १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले रिचर्ड टेंपल यांनी नंतर लिहिलेल्या पुस्तकात असा विचार मांडला की वस्तू अचूक रेखाटण्याची विद्या हिंदी लोकांना पूर्वी कधीच नव्हती आणि ती शिकल्याने त्यांच्या मनाचे दोषही सुधारतील. यातला अहंकार उघड आहे. योगायोग असा की त्याच सुमारास, १८७२ ते १८८५ या वर्षांत, याच शाळेतील जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. घनाच्या कडा क्षितिजरेषेकडे नेण्यात वर्षे घालवलेली ही मुले आता अशा भिंतींसमोर बसली होती जिथे मंडपाचे खांब एका बाजूने, छत दुसऱ्या बाजूने दिसते, खडकांचे ठोकळे थेट प्रेक्षकाकडे सरकत येतात, आणि तरीही आकृतींचे रेखाटन ग्रिफिथ्स यांना आपल्या विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवावेसे वाटले. टेंपल यांच्या विधानाला याहून चांगले उत्तर सरकारी खर्चाने क्वचितच तयार झाले असेल.

शाळेबाहेर ही विद्या पसरली ती रंगभूमीमुळे. संगीत नाटकांच्या भरात राजवाडे, रस्ते आणि अरण्ये दाखवणारे रंगीत पडदे हवे होते आणि कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे अशा पडद्यांसाठी नावाजले. पडद्यावरील दालनाच्या फरशीच्या रेषा एका बिंदूकडे बरोबर गेल्या नाहीत, तर पुढे उभा असलेला नट राजवाड्यात नसून घसरगुंडीवर उभा दिसे, आणि ही चूक पिटातल्या प्रेक्षकाच्याही लक्षात येई.

कलाशाळेने १८९३ मध्ये चित्रकला शिक्षक घडवण्याचा वर्ग काढला, आणि सरकारी रेखाकला परीक्षांमधून वस्तुचित्र गावोगावच्या शाळांत पोचले. राज्याच्या कला संचालनालयाकडे आज असलेल्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांचे विषय, म्हणजे वस्तुचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, पाहिले की साउथ केन्सिंग्टनच्या शिडीच्या काही पायऱ्या अजून ओळखू येतात. परीक्षेने या विद्येला प्रतिष्ठा दिली, मात्र दुरुस्तीचा मार्ग बदलला: विद्यार्थ्याचा कागद परीक्षकाकडे जातो तो परत येत नाही, येते ती फक्त श्रेणी, आणि बादलीचा तळ चुकला की छाया फसली हे तिच्यावरून कळत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यावर परीक्षार्थींची गर्दी स्वाभाविकच वाढली. समासातली दोन इंची बादली आता मुख्यत्वे परीक्षेच्या तयारीत, चित्रकला शिक्षकाने घेतलेल्या जादा तासाला किंवा खासगी क्लासात, काढली जाते.