कऱ्हाडचा डॉक्टर, ऱ्होंडाचा डॉक्टर

साल 1963. मुंबईच्या धक्क्यावर लिव्हरपूलला जाणारी अँकर लाइनची बोट उभी आहे. तुमच्या ट्रंकेत एमबीबीएसचं सर्टिफिकेट, दोन गरम सूट आणि आईने कोंबलेला मेतकुटाचा डबा. कऱ्हाडहून आलेले वडील एवढंच म्हणतात, ‘एफआरसीएस झालं की लगेच ये.’ तुम्ही ‘हो’ म्हणता, अगदी मनापासून.

ब्रिटनला तुमची गरज आहे. गेल्या वर्षीपासून राष्ट्रकुलातल्या माणसालाही तिथे कामासाठी व्हाउचर लागतं, पण डॉक्टरची अडवणूक होत नाही. तुमची पदवी तिथली मेडिकल कौन्सिल जशीच्या तशी मानते. 1948 साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली, दवाखाने भरून वाहू लागले. तरी 1957 साली विलिंक समितीने पुढे डॉक्टर जास्त होतील असं समजून वैद्यकीय प्रवेश सुमारे दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. त्यात तिथले तरुण डॉक्टर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची वाट धरताहेत. 1961 साली स्वतः डॉक्टर असलेल्या लॉर्ड कोहेन यांनी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात सांगून टाकलंय की, भारत-पाकिस्तानचे कनिष्ठ डॉक्टर नसते तर ही सेवा कोसळली असती.

तुम्हाला सर्जरी हवी आहे. अर्जामागून अर्ज जातात. अखेर बोलावणं येतं ते वृद्धांच्या वॉर्डातून, जिथे इंग्रज डॉक्टर यायला तयार नाही. रात्रपाळ्या तुमच्याच, नाताळची ड्यूटीही तुमचीच. कन्सल्टंटची खुर्ची आपल्या वाट्याला येणार नाही, हे उमगल्यावर तुम्ही साऊथ वेल्समध्ये, ऱ्होंडाच्या खोऱ्यात, जनरल प्रॅक्टिस घेता. समोर बसलेल्या खाणकामगाराच्या छातीला स्टेथोस्कोप लावता. कोळशाच्या धुळीने त्याची फुप्फुसं निकामी होत आली आहेत. दोन जिने चढणंही त्याला जमत नाही.

एप्रिल 1968. 1963 पर्यंत याच देशाचे आरोग्यमंत्री असलेले इनॉक पॉवेल बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध आग ओकतात. सोमवारी दवाखान्यात पेशंट नेहमीसारखे ओळीने बसलेले असतात. तुम्ही पहिल्याला आत बोलावता.

1971. जवळच्याच ग्लिनकोरुग गावचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहितात, जिथे उपचारांची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी पोचतात. तुम्ही मान डोलावता. त्याच आठवड्यात वडिलांचं पत्र येतं. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, बाळंतपणाला बाई बैलगाडीतून नेली. हार्ट यांचा नियम तुमच्या गावालाही तेवढाच लागू आहे, आणि तिथली एक रिकामी जागा तुमची आहे.

यात दोष तुमचा नाही. तुम्ही हजारो माणसं जगवलीत. पण तुमचं शिक्षण गरीब देशाच्या तिजोरीतून झालं, त्याची फी ब्रिटनने कधी भरली नाही. 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-नर्सच्या परदेशी भरतीसाठी आचारसंहिता केली. ती ऐच्छिक आहे. एवढ्याने भागणार नाही. बाहेरून डॉक्टर-नर्स नेणाऱ्या देशाने त्यांच्या शिक्षणाच्या खर्चात वाटा उचलावा, त्यांना बढतीचा समान हक्क द्यावा आणि स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं वाढवावीत. नाहीतर श्रीमंतांच्या घरची टंचाई गरिबांच्या दारात जाऊन बसते, आणि तिला आपण भरती म्हणतो.